खायचा कप

माझ्या भावाला मोबाईलवरून जगभरच्या चहाच्या बातम्या वाचून दाखवायची भारी हौस. तिबेटात चहात मीठ आणि लोणी घालतात. कुठंतरी रेशमाच्या अळीच्या लेंड्यांचा चहा करून पितात. पळसदेवच्या आमच्या ओसरीवर बसून तात्या, म्हणजे आमचे वडील, हे ऐकायचे आणि म्हणायचे, "लेंड्यांचाच प्यायचा तर आपली मेंढरं काय वाईट हुती?"

गेल्या वर्षी तात्यांना टीबी झाला. औषधं पुरी झाली, तपासणी झाली. डॉक्टरांनी भावाला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं, आता यांच्यापासून कुणाला काही होत नाही, खुशाल एका ताटात जेवा. दोघांनी मान डोलावली आणि घरी येऊन तात्यांच्या हातात पुन्हा कागदी कपच दिला. असली माणसं माझ्या घरची आहेत याची मला लाज वाटते.

मग भावाला नवी बातमी सापडली. चहा प्यायचा आणि वर कपही खाऊन टाकायचा, बिस्किटाचा कप. बारामतीहून त्यानं खोकंच आणलं. उष्टं उरत नाही, कचरा होत नाही. आळीतली माणसं बघायला आली आणि बापासाठी पोरगा किती करतो म्हणून कौतुक करून गेली. तात्यांना दात नाहीत. कप मऊ पडेपर्यंत ते थांबायचे, तोवर बुडातून चहा धोतरावर गळायचा. भावाची पोरं त्याचा व्हिडिओ काढायची. मी माहेरी आले होते, भांडले, पण माहेरवाशिणीचं कोण ऐकतं?

तात्यांची कपाबद्दल तक्रार नव्हती. त्यांना एकच माणूस हवा होता. धरणाच्या पाण्यात जाळी टाकणारा त्यांचा जुना दोस्त. फाट्यावरच्या टपरीवर दोघं एकच चहा घ्यायचे. अर्धा बशीत ओतून बशी त्याला, कप तात्यांना. उभ्या हयातीत यात बदल नाही. आजारापासून तो फिरकला नव्हता. मी त्याच्या घरी जाऊन डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, तेव्हा कुठं संध्याकाळी आला.

मी मुद्दाम चिनी मातीची कपबशी काढली. तात्यांनी अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं बशीकडं पाहिलं.

"मी चहा सोडलाय, तात्या. साखर निघाली रक्तात."

तात्यांना खरंच वाईट वाटलं. कारल्याचा रस घे, पायाला जप, असं ते त्यालाच सांगत बसले. बशीतल्या चहावर साय धरली. तो वहिनीनं मोरीत ओतला आणि कपबशी उकळत्या पाण्यात टाकली, तात्यांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारामतीच्या गाडीसाठी फाट्यावर गेले. तो टपरीच्या बाकावर होता, शेजारी दुसरा कुणी कप घेऊन बसलेला, याच्या हातात बशी. मी समोर जाऊन उभी राहिले. साखर उतरली का काका, असं विचारलं. त्यानं बशी खाली ठेवली नाही.

"भ्या वाटतं, पोरी. त्याला सांगू नगंस."

माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात गाडी आली.

संध्याकाळी घरी फोन केला. वहिनीचा आवाज खुललेला. म्हणाली, तात्यांनी सकाळपासून चहाच सोडला, बरं झालं, उरलेले कप पोरांनी खाल्ले. मी फोन तात्यांना द्यायला सांगितला. चहा का सोडला म्हणून विचारलं.

"त्यो एकटा कसा सोडंल? सवय लई जुनी हाय. जोडीनं सोडला म्हंजी त्याला जड जायचं न्हाय." मग म्हणाले, "माजं डोस्कं लई दुकतंय आज. त्याला फोन करून इचार, त्याचं बी दुकतंय का."

विचारते, मी म्हणाले.