पित्रातल्या सहा गाड्या

माझा मामा नळदुर्गजवळ हायवेवरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेब लिहितो. त्या साली महिनाअखेरीला कंपनीचं टार्गेट सहा गाड्यांनी कमी पडत होतं. मालकानं बुक झालेल्या सहा गाड्यांची बिलं आधीच करायला लावली. पंधरवडा पित्रांचा होता.

घटस्थापनेला गिऱ्हाइकं हार घेऊन आली, बिलावरची तारीख बघितली आणि गाडीला हात लावीनात. "पित्रातली गाडी दारात न्हाय उभी करायची," एकाच्या आईनं बजावलं. मामानं जुनी बिलं रद्द केली, घटस्थापनेची नवी दिली.

जीएसटीवाल्यांनी दोन्ही बिलं धरली. गाड्या सहा, कर बाराचा. नोटीस आली तसा मालक म्हणाला, "घोळ तुम्ही घातलाय. निस्तरा, न्हायतर पगारातून कापतो." टार्गेट मालकाचं, घोळ मामाचा. आपल्याकडं वाटणी अशीच होते.

मी मामाबरोबर जीएसटीच्या ऑफिसात गेलो. माझं भाषण तयार होतं. साहेबांनी ते निम्म्यावर थांबवलं. "मी पण गाडी घटस्थापनेलाच घेतली. पण कायद्यात पित्रं नाहीत. बिल का बदललं, ते प्रत्येक गिऱ्हाइकाकडून लिहून आणा."

पाच जणांनी लगेच लिहून दिलं. सहावे जळकोटचे गुरुजी. त्यांच्या घरी मीच गेलो.

"मी पित्रं पाळतो असं लिहून देऊ? शाळेत तोंड कसं दाखवू?"

"पण बिल तुम्हीच बदलून मागितलं ना, गुरुजी?"

"मंडळींनी मागितलं. मी नुसता उभा होतो."

"मग काकूंनी लिहून दिलं तर?"

"गाडी माझ्या नावावर हाय." त्यांनी कपाटातून एक पत्रक काढलं. पितृपंधरवडा हे थोतांड आहे, असा मजकूर. खाली पहिली सही त्यांची. "हे तूच छापलंस ना, बाळा?"

छापलं होतं. त्यातला शब्द न शब्द मला आजही मान्य आहे.

पाच गाड्यांचा जादा कर सुटला. गुरुजींच्या गाडीचा दुसरा कर मालकानं भरला आणि दर महिन्याला मामाच्या पगारातून कापायला लागला. टार्गेट गाठलं म्हणून कंपनीनं मालकाला सहकुटुंब परदेशी सहल दिली.

"मामा, मालकावर पत्रक काढतो," मी म्हणालो. "शोरूमच्या दारातच वाटतो."

मामा चलनं लावत होता. "काढ की. पण आधी कापणं संपू दे. आत्ता काढलंस तर कापायला पगारबी ऱ्हायचा न्हाय."

किती महिने, ते मी विचारलं. त्यानं सांगितलं.

मजकूर लिहून ठेवला आहे.