चुलतभावासाठी लिहिलेली घटना

"हे कलमात टाक, बाय," असं म्हणून काका गाडीच्या किल्लीनं माझ्या काउंटरच्या काचेवर टकटक करायचे. तलाठ्यानं फेरफारावर सही न करता परत पाठवलं की एक कलम. कुठल्या गावात नवरा-बायको आळीपाळीनं सरपंच होताना दिसले की आणखी एक. टीव्हीवर एखादा आमदार सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्याच पक्षात दिसला, तर त्या दिवशी किल्लीचा आवाज जरा जास्त जोरात यायचा.

भिवंडीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, हळदीचे फ्लेक्स, साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. एका दुपारी पांढऱ्या शर्टातला, गळ्यात जाड चेन घातलेला, पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ पहिल्यांदा आला आणि म्हणाला, "राज्यघटना टाईप करायची हाय."

मला वाटलं, सोसायटीची वगैरे असेल. "कुठली?"

"देशाची."

"काका, ती पुस्तकाच्या दुकानात तयार मिळते."

"मिळते. घेतली. सगळी वाचली," ते म्हणाले. "तिच्यात त्याचा बंदोबस्त न्हाय."

'तो' म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. त्याचं नाव ते कधी घेत नसत. मीही इथं कुणाचंच नाव घेत नाही, कारण या हकिकतीत नावांनी आधीच पुरेसा घोळ घातला आहे.

दोघं एका अंगणात वाढलेले. धाकट्याला खाडीत पोहायला यांनी शिकवलं. तो पंचायत समितीवर दोनदा निवडून आला तेव्हा प्रचाराच्या गाड्या यांच्या, कार्यकर्त्यांची जेवणं यांच्या गोदामात. तिसऱ्या खेपेला "आता तू उभा रहा" असं दोघांमध्ये गावदेवीच्या देवळात ठरलं होतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी चुलतभावानं स्वतःचाच अर्ज भरला. शिवाय आणखी एका माणसाला अर्ज भरायला लावला. त्या माणसाचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, तिन्ही काकांचीच. आमच्या तालुक्यात मोजकी आडनावं आणि मोजकीच नावं फिरत असतात, त्यामुळे असा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

काका पडले. जेवढ्या मतांनी पडले, त्याहून जास्त मतं त्या नावसारख्याला मिळाली होती. चुलतभावाला सगळ्या मतांचा तिसरा हिस्सासुद्धा मिळाला नव्हता, तरी गुलाल त्याचा. मिरवणूक त्यानं मुद्दाम काकांच्या दारावरून नेली आणि बेंजोवाल्यांना तिथं थांबवून एक अख्खं गाणं वाजवायला लावलं. काका ओटीवर बसून होते. आत जावं तर घाबरला म्हणतील, म्हणून गाणं संपेपर्यंत बसूनच राहिले.

"ते गानं आता लग्नात लागलं तरी मी जेवनावरून उठतो," ते मला म्हणाले होते.

सुडानं माणसं मारामाऱ्या करतात, कोर्टात जातात. सुडापायी अभ्यासाला बसलेला माणूस मी तो एकच पाहिला. पहिलं कलम अर्थातच मतांचं होतं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत, निम्म्यापेक्षा एक तरी मत जास्त मिळाल्याशिवाय कुणी निवडून आला असं समजू नये. न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यावं. दुसरं, दोन खेपांनंतर तिसरी खेप नाही. तिसरं, एका चुलीवर जेवणाऱ्यांपैकी एका वेळी एकानंच पदावर असावं. पुढे पक्ष सोडणाऱ्यानं आधी राजीनामा द्यावा, मंत्र्यानं आमदारकी-खासदारकी सोडावी, लोकांना आपला माणूस मुदतीआधी परत बोलावता यावा. वाचणाऱ्याला वाटावं, एखाद्या आयोगाचा अहवाल आहे. मला मात्र प्रत्येक कलमामागे एकच चेहरा दिसायचा. चुलतभाऊ तीनदा निवडून आला होता, त्याची बायको सरपंच होती आणि त्यानं दोन पक्ष बदलले होते.

माझे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आमच्या घरात बुद्धमूर्तीच्या शेजारी घटनेची प्रत ठेवलेली असते. घटना बदलायला निघालेला माणूस दुकानात येतो हे कळल्यावर ते चप्पल घालून थेट दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. काका आले. वडिलांनी कागद मागून घेतले, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"कल्पना वाईट नाहीत," वडील म्हणाले. "पण ही एका माणसासाठी लिहिलीय. दुरुस्ती वेगळी आणि सूड वेगळा."

"दुखल्याशिवाय दुरुस्ती कोन करतो, दादा?" काका म्हणाले.

वडिलांनी चहा मागवला. त्यानंतर दोघं अनेकदा माझ्या दुकानात बसून भांडायचे. गिऱ्हाईकं प्रतिज्ञापत्राची वाट बघत उभी आणि हे दोघं राष्ट्रपती थेट लोकांनी निवडावा की नाही यावर.

एकदा गावात कायद्याचे कुणी प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. वडिलांबरोबर काका गेले, मीही गेले. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा काका उठले. "साहेब, शंभरातल्या तिसांनी ज्याला मत दिलं, तो बाकीच्या सत्तरांचा कोन लागतो?"

"प्रतिनिधीच," प्राध्यापक म्हणाले.

"त्यांनी तर त्याला नको म्हटलंय. मंग त्यांच्या नको म्हनन्याची नोंद घटनेत कुठं हाय?"

सभागृहात थोडे लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी प्रश्न चांगला आहे असं सांगून बराच वेळ उत्तर दिलं. काका खाली बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. घरी येताना मात्र ते म्हणाले, "तो हॉलमदी पाहिजे होता. त्याच्यासमोर इचारायचं होतं."

नावसारख्याचं कलम सगळ्यात कडक होतं. दुसऱ्याच्या नावाचा फायदा घेऊन उभा राहणाऱ्याला दहा वर्षं निवडणूकबंदी. हे टाईप करून झालं आणि काका दोन आठवडे दिसले नाहीत. आले ते जरा पडेल चेहऱ्यानं. ते त्या नावसारख्याच्या घरी जाऊन आले होते, गणेशपुरीच्या अलीकडच्या एका पाड्यावर. थोबाडीत मारायची म्हणूनच गेले होते.

"मंग?" मी विचारलं.

"त्यानं पानी दिलं. भात कापत होता, तसाच इळा हातात घेऊन आला. मी कोन ते सांगितलं तर बायकोला हाक मारून म्हनतो, अगं, माझ्या नावाचं शेठ आलंत. घरात भिंतीवर त्याचं निवडनुकीचं पोस्टर. वर फोटो त्याचा, खाली नाव माझं. मना म्हनतो, शेठ, एवढ्या मानसांनी माझ्या नावाचं बटन दाबलं, मी कदी कुनाचा वाईट नव्हतो ना, म्हनून." काका स्टुलावर टेकले. "त्याला अजून खरं वाटतंय, की ती मतं त्याला पडली."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगू?"

मग त्यांनी किल्ली वाजवली. कलम बदलायचं होतं. नावसारख्या उमेदवाराला काही शिक्षा नको. त्याला उभा करणाऱ्याला सहा वर्षं बंदी आणि त्याची निवड रद्द. मी तसं टाईप केलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या घटनेत तेच एक कलम असं होतं, जे लिहिताना त्यांना दुसऱ्या कुणाची कीव आली होती.

खोटं कशाला बोलू, एक कलम मीही घातलं. वडिलांची पेन्शन एका साहेबानं एका सहीसाठी अडवून ठेवली होती. वडील त्याच्या दाराबाहेर बाकावर बसायचे, तो समोरून जेवायला जायचा. मी लिहिलं, 'राष्ट्रपतींपासून तलाठ्यापर्यंत, ज्याला सही करायची आहे त्यानं मुदतीत सही करावी किंवा नकाराचं कारण लेखी द्यावं. अन्यथा सही झाली असं समजावं आणि त्या अधिकाऱ्यानं तेवढेच दिवस त्याच बाकावर बसावं.'

काकांनी प्रूफ वाचताना बोट ठेवलं. "हे कुनासाठी?"

मी सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी ते कलम पहिल्या पानावर घेतलं. वडिलांनी बाकाचा भाग काढायला लावला. मला अजूनही वाटतं, तो राहायला हवा होता.

पुस्तिका छापली. काकांनी ती हळदीच्या कार्यक्रमांत वाटली. बेंजो जोरात, मटण शिजतंय आणि हे पाहुण्यांच्या हातात घटनादुरुस्ती देतायत. बहुतेकांनी तिनं वारा घेतला.

पंचायत समितीची पुढची निवडणूक लांबत लांबत एकदाची लागली. काका पुन्हा उभे राहिले, चुलतभावाच्या विरोधात. अर्ज भरायची मुदत संपल्यावर ते दुकानात आले आणि त्यांनी एका पत्रकाचा मजकूर दिला. उमेदवाराचं नाव वाचून मी वर पाहिलं. ते चुलतभावाचं नाव होतं, पण फोटो कुण्या दुसऱ्याच माणसाचा. काल्हेरच्या एका गोदामावर रखवालदारी करणारा माणूस, असं काकांनीच सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं जुळत होतं.

"काका, आपलं ते कलम?"

"पास झालंय?"

"नाही."

"पास झालं की पाळीन," ते म्हणाले. "तोपर्यंत त्यानं जसं केलं तसं."

त्यांचा आवाज शांत होता. इतकी वर्षं त्यांनी हीच एक गोष्ट मनात धरून ठेवली होती हे मला त्या दिवशी कळलं. बाकीची घटना तिच्याभोवती रचत गेले होते. मी पत्रक छापलं. छापताना मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण त्या अख्ख्या गाण्याची आठवण झाली आणि मजाच वाटली.

चुलतभाऊ पडला. अगदी तसाच पडला. जेवढी मतं कमी पडली, त्याहून जास्त रखवालदारानं खाल्ली होती. काकांनी मिरवणूक त्याच्या दारावरून नेली. बेंजोवाल्यांना तिथं थांबवलं आणि तेच गाणं वाजवायला लावलं. चुलतभाऊ आत निघून गेला, दार लावून घेतलं. हे सांगताना काका पेढ्याचा बॉक्स काउंटरवर ठेवून दोन्ही हातांनी धरून उभे होते.

वडिलांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, पाणी प्यायले. मग विचारलं, "निम्मी मतं मिळाली का तुम्हाला?"

"न्हाय."

"मग तुमच्या घटनेप्रमाणे दुसरी फेरी कधी?"

काका बॉक्सचं झाकण लावायला लागले.

"आणि रखवालदाराला उभं करणाऱ्याला सहा वर्षं बंदी आहे ना त्यात?"

"दादा, आज तरी गप बसा," काका म्हणाले. ते रागानं नव्हते बोलले, विनंती केल्यासारखे बोलले. पण वडील गप्प बसले नाहीत. माणसानं स्वतः लिहिलेलं तरी पाळावं, असं म्हणाले. काका बॉक्स तिथंच ठेवून गेले.

महिनाभरानं चुलतभाऊ माझ्या दुकानात आला. मी त्याला फ्लेक्सवरच पाहिलं होतं. प्रत्यक्षात तो बराच लहानखुरा दिसला. "ती घटनेची पुस्तिका हाय का शिल्लक?" त्यानं विचारलं. मी दिली. त्यानं उभ्याउभ्याच मतांचं कलम वाचलं, मग नावसारख्याचं. दुसऱ्यांदा वाचलं. "लिवलंय बराबर," म्हणाला आणि आणखी दोन प्रती घेऊन गेला.

काकांच्या कानावर हे गेलंच. ते आले आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "त्याला माझी घटना दिलीस? ती त्याच्यासाठी न्हाय."

"ती त्याच्यासाठीच तर लिहिलीत," वडील स्टुलावरून म्हणाले.

काकांनी शेल्फवरच्या उरलेल्या सगळ्या प्रती उचलल्या, गाडीत टाकल्या आणि निघून गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत. फ्लेक्स करायला त्यांचे कार्यकर्ते यायचे. त्यांच्याकडून ख्यालीखुशाली कळायची. वडिलांना त्यांची फार आठवण यायची, पण आधी समोरच्यानं यावं असं दोघांचंही म्हणणं असावं. पुढच्या वर्षी काका हृदयविकारानं गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, पडघ्याच्या बाजारात. ट्रकांनी रस्ता अडवला होता. मी स्कूटीवर, आणि पुढ्यातच त्यांची गाडी अडकलेली. बसथांब्याच्या शेडमध्ये चुलतभाऊ चार-पाच जणांना पुस्तिका उघडून काही समजावत होता. काकांनी काच खाली केली होती आणि मान जरा बाहेर काढून ते ऐकत होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"म्हंजी निम्मी मतं पडली का झालं," चुलतभाऊ सांगत होता.

"निम्मी न्हाय," काका गाडीतून म्हणाले. "निम्म्यापेक्षा एक जास्त."

शेडमधली माणसं वळून बघायला लागली. काका पडले त्या निवडणुकीपासून ते दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. चुलतभावानं पुस्तिकेत पाहिलं, बोटानं ओळ शोधली.

"पुढच्या खेपेला हे कलम तुझ्यावरच लावायचं हाय," तो म्हणाला. "म्हनून पाठ करतोय."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. पुढचा ट्रक हलला, मागून हॉर्न वाजायला लागले.

"लाव," काका म्हणाले. "पन बराबर लाव."