तुमी बाहेर बसा जरा

वणीच्या दवाखान्यात स्तनांचा एक्स-रे काढणारी बाई मशीनची थंड प्लेट आधी स्वतःच्या तळहातांनी घासून कोमट करते. बोलणं हळू, प्रत्येक वाक्याशेवटी "हो न?" आणि सोबत आलेल्या माणसाला एकच सांगणं: "तुमी बाहेर बसा जरा."

मागच्या वर्षी जाऊबाईंसोबत गेले होते, तेव्हा मलाही तिनं तेच सांगितलं. मला राग आला. "मी घरचीच आहे," म्हटलं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "पाळी गेल्यावरच्या हार्मोनच्या गोळ्या घरच्यांसमोर कोनी कबूल करत नाई. त्या गोळ्यांनी छाती दाट होते, फोटो पांढरा येते. गाठ बी पांढरीच. मंग डॉक्टरले दिसन कशी? गोळी सांगतली तं सोनोग्राफी बी करता येते, हो न?"

जाऊबाई खाली बघत होत्या. मी बाहेर गेले. त्या दिवशी त्यांची सोनोग्राफीही झाली. घरी मी काही विचारलं नाही.

यंदा तपासणी माझी होती, सोबत जाऊबाई. बाई काही बोलायच्या आत त्या उठल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

बाईनं प्लेटवर तळहात घासले. "कोनती गोळी चालू हाये?"

मी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. जाऊबाईंनी दार बाहेरून नीट ओढून घेतलं होतं.