स्क्रीनखालची घागर
वायर जळाल्याचा वास आला की मला दुष्काळातला एक मे महिना आठवतो. चिकलठाण्याच्या अलीकडे, जालना रोडवर, जाहिरातींसाठी एक मोठी डिजिटल स्क्रीन पसंत करायला मी गेले होते. आपल्याकडच्या उन्हात टिकावी म्हणून तिच्या पेटीत एसी बसवला होता आणि विकणारा त्याचंच कौतुक सांगत होता. पेटीतून जळकट वास येत होता. मी स्क्रीनच्या लोखंडी खांबाला हात टेकवला, तर झिणझिण्या कोपरापर्यंत चढल्या. माझ्या पायात चपला होत्या. तेवढ्यात शेजारच्या वस्तीतली एक बाई एसीच्या नळीखाली भरलेली स्टीलची घागर उचलायला वाकली. घागर खांबाला टेकलेली होती, आणि ती ओल्या मातीत अनवाणी उभी होती. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. स्क्रीन काळी झाली. बाईनं घागर कमरेवर घेतली आणि चिडून म्हणाली, "बंद कामून केलं, ताई? सांजंपर्यंत अजून एक भरली असती." आजही स्क्रीन घेताना ती ऊन किती सोसते, हे मी नंतर विचारते. आधी तिच्या एसीचं पाणी कुठं पडतं ते बघते, आणि तोवर खांबाला हात लावत नाही.