नानांची थाळी आणि आमची कबुतरं

कबुतरांचे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. ती घाण करत जातात, आपण पुसत जातो आणि पुसता पुसता किस्से साठत जातात!

जळगावात आमची तीन मजली बिल्डिंग आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर. मी, आमचे हे, सासूबाई आणि दीड वर्षाचा गोलू. सासूबाई धुळ्याकडच्या, सगळी बिल्डिंग त्यांना अक्का म्हणते. गोलूला खोकला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कबुतरांची घाण वाळून उडते. याच्या छातीला ती चांगली नाही. गॅलरी साफ ठेवा." झालं! मी आधीच घाबरट. त्या दिवसापासून गॅलरीचं काचेचं दार बंद, गोलू आत आणि कबुतरं बाहेर मजेत. पोराला गॅलरीत खेळता यावं, एवढंच मला हवं होतं.

*

पहिला उपाय वरच्या मजल्यावरच्या नानांनी केला. नाना वरणगावला कारखान्यात होते, आता रिटायर. भोंग्यावर उठायची सवय अजून गेलेली नाही. रोज बरोबर सात वाजता ते स्टीलची थाळी बडवायचे. "आवाजाने पाखरू पळतं!" म्हणायचे.

आठ दिवसांत कबुतरं दुप्पट झाली!

मग उलगडा झाला. तळमजल्यावर किराणा दुकानवाल्या शेठाणी काकू राहतात. राजस्थानातलं घराणं, कबुतरांना दाणे टाकल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्या सांगायला लागल्या, "नानांची थाळी वाजली की मला कळतं, सात वाजले. लगेच अंगणात ज्वारी टाकते. फार सोय झाली हो!"

म्हणजे नाना हाकलत नव्हते, पंगतीला बोलावत होते! मीही तेव्हाच गोलूला भरवायला बसायचे. काचेतून कबुतरं बघत बघत तेवढे चार घास तरी पोटात जायचे.

*

कोणीतरी सांगितलं, चमकणारी वस्तू टांगा. यांनी कपाटातून एक सीडी काढली, दोरा ओवला आणि गॅलरीत टांगली. संध्याकाळी अक्कांनी ती फिरवून बघितली.

"काय व, ही तं तुन्हा लगननी सीडी शे!"

मी यांच्याकडे बघितलं. कबुतर सीडीशेजारी बसून पंख साफ करत होतं.

"बघा," मी म्हटलं, "आपलं लग्न बघूनसुद्धा ते घाबरत नाही."

हे म्हणाले, "त्याला अनुभव नाही अजून!"

*

उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले. एका कपड्यावर पन्नास-साठ बिबडे, आणि कबुतरं त्यावरून चालत जायची, जशी काही सतरंजीच अंथरली आहे! अक्का म्हणाल्या, मेलेला कावळा टांगला की पाखरं येत नाहीत. मेलेला कावळा आणायचा कुठून? अक्कांनी फाटक्या छत्रीच्या कापडाचा शिवला. इतका हुबेहूब की मीच दचकले.

कबुतरं खरंच आली नाहीत. पण अर्ध्या तासात जळगावातले सगळे कावळे आले! कठड्यावर रांग धरली आणि काव काव करून गच्ची डोक्यावर घेतली.

अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मयतले उनात! आते जेईसनच जातीन!"

मयताला आलेले पाहुणे बिबडे जेवूनच गेले.

*

शेवटी जाळीवाल्याला बोलावलं. त्याने गॅलरीतला कूलर सरकवला तर मागे काड्या, पिसं आणि दोन अंडी. वर कबुतरी बसलेली. ती काही हलेना.

काकू वर आल्या. "बाळंतीण आहे ती. बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं सगळं बाळंतपण याच घरात, अक्कांच्या हातचं झालेलं.

अक्कांनीच निकाल दिला. "सव्वा महिना ऱ्हाऊ दे तिले!"

जाळीवाला जाळी गुंडाळून गेला. मी दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि दिवस मोजायला लागले. जाळीवाल्याचा एक दिवसाआड फोन यायचा, "वहिनी, पिल्लं कशी आहेत? वाढ बरी आहे ना?" माझ्या सख्ख्या भावाने गोलूची कधी इतकी चौकशी केली नाही!

सव्वाचा दीड महिना झाला आणि दोन्ही पिल्लं उडाली. तासाभरात जाळी लागली. मी तोंडाला फडकं बांधून, फिनाईल ओतून तीन वेळा गॅलरी धुतली. काकू पोरासाठी म्हणून दाणे समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टाकायला लागल्या, तेही दुपारी, सवड मिळेल तेव्हा. नानांनी थाळी मांडणीवर ठेवून दिली. गोलू बॉल घेऊन पहिल्यांदा गॅलरीत पळाला. खोकलाही कमी झाला. मला रडूच आलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खिचडीची वाटी घेऊन मी त्याला गॅलरीत घेऊन बसले. गोलूने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर बघितलं. आणि तोंड गच्च मिटून घेतलं.

विमान करून झालं, मोबाईल दाखवून झाला, अक्का दोन वेळा नाचल्या. दोन दिवस पोराने सकाळचा घास घेतला नाही, हे सगळ्या बिल्डिंगला कळलं. तिसऱ्या दिवशी मी त्याला कडेवर घेतलं, वाटी हातात घेतली आणि वर जाऊन नानांचं दार वाजवलं.

"नाना, थाळी वाजवता का?"

"आता कोणाले हाकलू बेटा? जाळी लागली ना!"

मी खाली बघत म्हटलं, "हाकलायचं नाही, नाना. बोलवायचं आहे."

नानांनी माझ्याकडे बघितलं. गोलूकडे बघितलं. मग मांडणीवरची थाळी काढली, जिन्यात आले आणि खाली वाकून ओरडले, "ओ काकू! ज्वारी घ्या आणि प्लॉटवर चला! आमचे साहेब दोन दिवसांचे उपाशी आहेत!"