होडीत घेतलेली सही

आमच्या बाबांवर अख्ख्या वाडीने आयुष्यभर एकच आरोप केला, खोटी सही केल्याचा. बँकेत नव्हे. बँकेत बाबांचं होतं काय, की कोणी खोटी सही करून काढावं. ही सही होती एका जुन्या कॉमिकच्या मुखपृष्ठावर.

लग्नाआधी बाबा मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होडीवर होते. गिऱ्हाईक नसलं की होडीत बसून कॉमिकं वाचायची, हा त्यांचा उद्योग. एकदा कोणी गृहस्थ किल्ल्याची चित्रं काढायला आले आणि दिवसभरासाठी होडी ठरवून बसले. बसायच्या फळीखालचं कॉमिक त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ह्यातली चित्रं मीच काढलीत. बाबांना ते पटेना. तेव्हा त्या गृहस्थांनी तिथल्या तिथे एका कागदावर त्यातल्याच राक्षसाचं तोंड काढून दाखवलं, आणि मग शाईचं पेन काढून मुखपृष्ठावर सही केली. राक्षसाचा कागद वाऱ्याने उडाला आणि पाण्यात पडला. बाबांच्या गोष्टीतला पुरावा हा नेहमी असाच पाण्यात पडायचा. पुढे ते चित्रकारही वारले, म्हणजे विचारायला जायची सोय राहिली नाही.

वाडीतल्या कोणाचा या गोष्टीवर विश्वास नव्हता. एवढा मोठा माणूस ह्याच्या होडीत कशाला बसेल, हा त्यांचा प्रश्न. जणू मोठ्या माणसांनी किल्ल्यावर पोहत जायचं असतं. बाबांचे एक चुलतभाऊ, आमचे काका, यात सगळ्यांत पुढे. रापणीच्या मोठ्या जाळ्याचा दोर ओढायला सगळी वाडी किनाऱ्यावर जमली की काकांच्या तोंडाला धार यायची. कोणाला रेशनच्या कचेरीत जायचं असलं, तर काका बाबांकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्येका घेवन जावा. हो कोणाचीय सही करता." सगळे हसायचे. बाबाही हसायचे, पण दोर ओढताना त्यांचा जबडा आवळलेला असायचा, आणि ते बघून मला काकांचा भयंकर राग यायचा.

आई मासळी बाजारात बसायची. तिने बाबांना कधी खोटारडे म्हटलं नाही, पण गोष्ट खरी आहे असंही कधी म्हटलं नाही. भांडण झालं की मात्र म्हणायची, "तुमका आणि तुमच्या सहीक एकदाच समुद्रात सोडूक व्हया." कॉमिकांच्या पेटीचं सगळं तीच करायची, ते वेगळं. पावसाळा आला की पेटी चुलीवरच्या माळ्यावर चढवायची, म्हणजे धुराने बुरशी धरत नाही. तिथेच सुके बांगडे आणि सोलंही असत. आमच्या कॉमिकांना जो वास होता तो जगातल्या दुसऱ्या कोणत्याही संग्रहात नसेल.

मी कणकवलीला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट, दोन हजार तीन-चार साल असेल. तिथल्या सायबर कॅफेत मला शोध लागला की जुनी कॉमिकं विकत घेणारी माणसं या जगात आहेत. मुंबईतल्या एका संग्राहकाला मी ई-मेल केला. त्याचं उत्तर आलं, आणि त्यात अर्ध्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीबद्दल होते: कॉमिक कोणत्या स्थितीत आहे? पिना गंजल्यात का, पाठ उसवली आहे का, कोपरे दुमडलेत का, कोणी आपलं नाव लिहिलंय का? मी ते घरी वाचून दाखवलं. आईला एका क्षणात कळलं.

"म्हणजे ताजां आसा काय विचारता," ती म्हणाली.

सहीबद्दलही त्याने लिहिलं होतं. सही खरी ठरली तर भाव चांगलाच वाढतो. खरी ठरली नाही, तर ती सही नव्हेच, मुखपृष्ठावरचा डाग, आणि डागाने भाव उतरतो. मात्र त्या चित्रकाराच्या सह्या त्याने पाहिलेल्या होत्या, आपल्याकडेही त्यांचे कागद आहेत, गोव्याला जाताना वाट वाकडी करून येईन आणि बघून सांगेन, असं त्याने कळवलं.

बाबा ओट्यावर जाळ्याची भोकं सांधत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"भाव रवांदे," ते म्हणाले. "खरी काय खोटी, ता सांगतलो मां?"

"सांगतलो," मी म्हटलं.

त्या दिवसापासून बाबा बदलले. दाढी वेळेवर होऊ लागली. रापणीवर काकांनी काही म्हटलं की बाबा फक्त म्हणायचे, "मुंबैसून माणूस येतासा." तपासनीस येणार म्हणून शाळा सारवून ठेवावी, तसं त्यांचं चाललं होतं.

ई-मेलमधली शेवटची ओळ मी दोघांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवली होती. आहे तसं राहू द्या, पुसू नका, चिकटवू नका, काही नीट करायला जाऊ नका. दोघांनी माना डोलावल्या. आमच्या घरात मान डोलावली म्हणजे ऐकलं असा अर्थ होतो. ऐकून तसंच वागणार, असा होत नाही.

तो आला. चाळिशीचा, गोरटेला, पाठीवर पिशवी, बोलणं शुद्ध पुस्तकी. हात धुतले, पुसले आणि पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले. आई माझ्या कानाशी म्हणाली, "वासाची किळस येता तेका." मी सांगितलं, तसं नाही, हाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून. आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू कॉलेजात घातलेली फी फुकट गेली.

तो एकेक कॉमिक उचलायचा, तिरपं धरायचा, पाठ बघायचा, पिना बघायचा. मग हळूच म्हणायचा, "पिना गंजल्यात." "इथे पान दुमडलंय." "कडा वाळवीने खाल्ल्यात." एकदा नाकाशी नेऊन म्हणाला, "वासही आहे."

आईचं सगळं आयुष्य गिऱ्हाइकांची ही भाषा ऐकण्यात गेलं होतं. कल्ला उचलून बघणारा, बोट दाबून बघणारा, डोळे पांढरे झालेत म्हणणारा, ही सगळी माणसं शेवटी मासे घेतात आणि भाव पाडण्यासाठी आधी नाक मुरडतात, हे तिला पाठ होतं. बिचारा संग्राहक अगदी प्रामाणिकपणे दोष सांगत होता. आई तो सौदा समजून रिंगणात उतरली.

"वास सुक्या बांगड्यांचो आसा," ती म्हणाली. "वायट नाय."

"तसं नाही हो, वासाने किंमत कमी होते."

"घेवचा नाय तर हात कित्याक लावतास?"

तो गोंधळून मोज्यांकडे बघू लागला. मी मध्ये पडून चहा आणला. बाबांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ते वाट बघत होते. शेवटी त्यांनी स्वतः आत जाऊन, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं ते कॉमिक आणून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने पंचा उलगडला. मुखपृष्ठ झगमगत होतं. एवढं चकचकीत कॉमिक छापखान्यातूनही कधी बाहेर पडलं नसेल. त्याने ते उजेडात धरलं, तर मुखपृष्ठातून आतलं पहिलं पान आरपार दिसायला लागलं. मुखपृष्ठावरचा राजपुत्र आणि आतला राक्षस एकमेकांच्या पोटात.

"याला काय झालंय?" त्याने विचारलं.

"खोबरेल लावलंय," आई कौतुकाने म्हणाली. "सकाळीच पुसून काढलंय. माल चमकाक व्हयो."

बाजारात माशांवर पाणी मारतात तसं तिने कॉमिकवर तेल मारलं होतं. पाण्याने कागद खराब होतो एवढी अक्कल तिला होती, म्हणून तेल. संग्राहकाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता हा रडणार. पण तो सभ्य माणूस. त्याने डोळे उघडले, खिशातून भिंग काढलं आणि सहीवर वाकला.

बाबा उभे राहिले. ओट्यावरच्या कोंबड्यांना हाकलायचंही कोणाला सुचलं नाही. तो बराच वेळ बघत होता. मग त्याने मान वर केली.

"हे बॉलपेन आहे," तो म्हणाला. "आणि अगदी नवं."

"पुसट झाली होती," बाबा म्हणाले. "तुमका दिसाची नाय म्हणान काल वयसून गिरवलंय."

मी आईकडे बघितलं, आईने बाबांकडे. तेलाचं बाबांना माहीत नव्हतं आणि गिरवल्याचं आईला. एकाच घरात राहून दोघांनी एकमेकांच्या चोरून पाहुण्याची सोय केली होती.

"खाली जुनी शाई आहे," संग्राहक म्हणाला. "पण तुमच्या रेघेखाली ती पार दबली आहे. कोणाची ते आता मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. गिरवली नसती तर लगेच सांगितलं असतं."

बाबांनी जाळं उचललं आणि भोकं शोधायला लागले. मला त्यांची इतकी दया आली, की त्या वेळी मी त्या माणसाच्या हातातलं भिंग समुद्रात फेकून दिलं असतं.

त्याने एक कॉमिक मात्र विकत घेतलं. पेटीच्या तळाशी होतं, करकरीत, पाठ ताठ, कोपरे धारदार. कुठल्याशा दुकानदाराने बाबांना फुकट दिलेलं. आईने त्याचा भाव एवढा ताणला की तो जेवायला बसला तेव्हाही मान हलवत होता, आणि सोलकढी मागून मागून प्यायला. निघताना बाबांनी त्याला विचारलं, "त्यात काय चांगला आसा? तां एकदम रटाळ. मी दोन पानांच्या फुडे गेलंयच नाय."

"म्हणूनच," तो म्हणाला.

बाबा मग मला म्हणाले, "म्हणजे मी वाचूकच नको होता." मला हसू आलं, पण त्यांना आलं नव्हतं.

संध्याकाळी काका आले. त्यांना बातमी लागली नसती तरच नवल, पाहुणा स्टँडवर उतरल्यापासून वाडी त्याच्या मागावर होती. ओट्यावर बसून त्यांनी सावकाश पान जुळवलं आणि विचारलं, "काय रे, काय सांगल्यान मुंबैकारान? सही कोणाची?"

बाबांना थाप मारता आली असती. संग्राहक तोपर्यंत गोव्याच्या हद्दीत पोचला असेल, कोण जाणार होतं विचारायला? मी तर मनात म्हणत होते, मारा एक थाप, तुमचा हक्क आहे. पण बाबांनी आत जाऊन ते तेलकट कॉमिक आणलं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं.

"वरची माझी," ते म्हणाले. "खालची तेची."

काकांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा वर केला, खाली केला. आत आई मासे कापत होती. विळीचा आवाज थांबला.

"खालची खंय दिसता?" काका म्हणाले आणि हसायला लागले. "मेल्या, माका तर तुझीच दिसता."

आई दारात आली. हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरलेले. तिने कॉमिककडे बघितलंसुद्धा नाही.

"माका दिसता," ती म्हणाली, आणि परत आत जाऊन विळीवर बसली.