बाबांच्या वजनाचा पाट

पळस्प्याला आमच्या घरामागचा गोठा रिकामा झाला आणि त्याला दोन उमेदवार उभे राहिले. एक हायवेवरचा गोदामवाला. त्याला माल ठेवायला जागा हवी होती. दुसरी मी. भाताचं तूस आणि प्लास्टिक एकजीव करून मला तिथे वस्तू बनवायच्या होत्या. नोकरी तर मी आधीच सोडून बसले होते. गोठा हातचा गेला असता तर गावभर हसं झालं असतं.

बाबांचा तुसावर काडीचा विश्वास नव्हता. "तूस चुलीत घालायचं असतं, पोरी. त्याच्यावर बसनार कोन?"

"तुम्हीच बसणार!" मी तडकून बोलले. माझं तोंड माझं ऐकत नाही. बाबांना लग्नात बसायला मांडववाला दोन खुर्च्या एकात एक घालून देतो, हे मला ठाऊक होतं तरी.

बाबा इरेला पेटले. "मंग माजं वजन पेलनारा पाट करून दाखव. गोठा तुजा. नायतर सोमवारी चावी गोदामवाल्याला."

तळोज्याहून प्लास्टिक वितळवून कालवणारी जुनी मशीन आधीच आणून ठेवली होती. आमच्याच भाताचं तूस दळून त्याचं पीठ केलं. तुसाला पाण्याची भारी ओढ आणि प्लास्टिकला पाणी नकोसं. नुसती एकत्र घातली तर दोघं एकमेकांना धरतच नाहीत. सोयरीक जुळवायला थोडं तिसरं रसायन लागतं. मशीन जास्त तापली तर तूस करपतं, भाकरी करपल्याचा वास सुटतो. पण सगळ्यात मोठं पथ्य ओलीचं. पिठात जराशी ओल राहिली तर तापल्यावर तिची वाफ होते आणि माल आतून पोकळ निघतो. म्हणून मी ते भट्टीत खडखडीत वाळवलं होतं.

शनिवारी बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून गोठ्यात आले. हातात नारळ. बोअरवेल असो की नवी दुचाकी, आमच्याकडे नारळाशिवाय काही सुरू होत नाही. "दारात वाढवा" असं मी म्हणेपर्यंत त्यांनी तो मशीनच्या तोंडाच्या लोखंडी काठावर फोडलासुद्धा. सगळं पाणी आत भरून ठेवलेल्या माझ्या वाळवलेल्या पिठात.

शुभकार्यात बोंबलायचं नसतं, म्हणून मी दात आवळून मशीन चालू केली. गरम लगदा साच्यात दाबला. पाट दिसायला सुरेख झाला, तांबूस, गुळगुळीत. बाबा बसले. कडकन आवाज झाला आणि बाबा जमिनीवर.

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र रडू फुटलं. मोडलेल्या तुकड्यात घावनासारखी जाळी पडली होती.

"तुमच्या नारळाचं पाणी आहे हे!" मी ओरडले.

बाबांनी बसल्या जागी तुकडा डोळ्यांपाशी नेला, भोकं बघितली. "म्हंजे पाट मीच बिगडवला?"

"मग काय!"

"मंग परत कर. देवाला मी समजावतो."

रविवारी मशीन साफ केली, पीठ नव्याने वाळवलं. नारळ बाबांनी रस्त्यापलीकडे जाऊन फोडला. पाट पुरता निवल्यावर ते भिंतीला हात टेकून जपून बसले. हात सोडला. मग चांगली मांडी ठोकली. पाट वाकला नाही, कुरकुरला नाही. आनंदाने मी आईला मिठीच मारली. आईने तिथेच जवळा आणि तांदळाची भाकरी वाढली.

बाबा जेवत असतानाच गोदामवाला दारात आला. एक दिवस आधीच चावी मागायला.

"चावी पोरीकडं हाय," बाबा घास न थांबवता म्हणाले. "ईचार तिला. पन ती देनार नाय."

तो हिरमुसून गेला. चावी खरं तर बाबांच्या कमरेच्या करगोट्याला होती. त्यांनी ती सोडली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आता मला उठव."